एक्सझेडच्या मेंटेनरचं परत येणं

मेंटेनर, म्हणजे एखादं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस, दमून बाजूला झाला, ही ओपन सोर्समध्ये (कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरच्या जगात) बातमी होत नाही. काही महिन्यांनी तो परत कामाला लागला, हीसुद्धा होत नाही. एक्सझेड यूटिल्सच्या लासे कॉलिन यांचं मागे सरकणं आणि परत येणं मात्र जगभर चर्चेत आलं, कारण मधल्या काळात ज्याच्यावर त्यांनी काम सोपवलं होतं त्याने प्रकल्पात बॅकडोर, म्हणजे चोरदरवाजा, बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघडकीस आला. तो कसा बसवला आणि कसा सापडला यावर भरपूर लिहिलं गेलंय. त्यानंतरच्या दोन महिन्यांबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला त्या दोन महिन्यांत जास्त रस आहे. बिनपगारी आणि जवळपास एकट्याने चालवलेल्या प्रकल्पावर माणूस परत येतो तेव्हा त्याला नेमकं काय करावं लागतं? आणि ते त्याला कशाच्या जोरावर जमतं?

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो. कॉलिन औपचारिकपणे कधीच पायउतार झाले नव्हते. राजीनामा नाही, निरोपाचा ईमेल नाही. ते हळूहळू मागे सरकले होते, बस. बहुतेक मेंटेनर असेच जातात, म्हणून हे प्रकरण वाटतं तितकं अपवादात्मक नाही.

प्रकल्प आणि माणूस

एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करण्याचं साधन. त्यामागचा एलझेडएमए अल्गोरिदम सेव्हन-झिपवाल्या इगोर पावलोव्ह यांचा. युनिक्स-लिनक्सच्या जगात रोज वापरता येईल असं रूप त्याला दिलं ते फिनलंडच्या कॉलिन यांनी, टुकानी नावाच्या छोट्या प्रकल्पातून. ५.० ही स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१० मध्ये आली. पुढच्या काही वर्षांत डेबियन या लिनक्स वितरणाची पॅकेजं, लिनक्स कर्नलचा, म्हणजे गाभ्याचा, सोर्स आणि इतर असंख्य टारबॉल (फाइलींचे एकत्र बांधलेले गठ्ठे) एक्सझेडने दाबून येऊ लागले. त्यातली लिबएलझेडएमए ही लायब्ररी तर जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असते. पुण्यातल्या एखाद्या कंपनीचा डेबियन सर्व्हर अपडेट होतो तेव्हा येणारं पॅकेज उघडण्याचं काम हीच लायब्ररी करते, आणि अपडेट करणाऱ्याला तिचं नावही माहीत नसतं.

एवढं सगळीकडे पोहोचलेलं सॉफ्टवेअर सांभाळणारा माणूस एकच, आणि तोही नोकरी म्हणून नव्हे. हे ऐकून कुणाला नवल वाटत असेल तर त्याने आपल्या कंपनीच्या प्रॉडक्टच्या डिपेंडन्सींची, म्हणजे ते ज्या इतर सॉफ्टवेअरवर उभं आहे त्यांची, यादी एकदा सवडीने उघडून बघावी.

मागे सरकणं

एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांतला पत्रव्यवहार सगळ्यांना वाचायला खुला आहे. जिया टान हे नाव तेव्हा प्रकल्पात नवं होतं. पहिला पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, ऑक्टोबर २०२१ चा, किरकोळ. एप्रिलमध्ये त्याने आणखी एक पॅच पाठवला आणि लगेच जिगर कुमार या नावाने तक्रारी सुरू झाल्या: पॅच पडून राहतात, काही हलत नाही. नाव भारतीय दिसतं. माणूस कुठला, किंबहुना असा माणूस होता तरी का, हे आजवर समोर आलेलं नाही. मे महिन्यात डेनिस एन्स या नावाने विचारणा झाली: एक्सझेडची जावा आवृत्ती अजून कुणी सांभाळतंय का?

कॉलिन यांनी उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जिया टान पडद्यामागे मदत करतोय, पुढे त्याची भूमिका मोठी होऊ शकते, असंही लिहिलं. तेवढ्यावर थांबलं नाही. नवा मेंटेनर आल्याशिवाय हा प्रकल्प पुढे सरकणार नाही, अशा सुरात जिगर कुमारचं पुढचं पत्र आलं. ८ जूनला कॉलिन यांनी उत्तर दिलं: रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या अडचणींमुळे आणि इतर काही कारणांनी हात आखडला आहे, आणि हा बिनपैशाचा, छंद म्हणून चालवलेला प्रकल्प आहे हेही ध्यानात असू द्यावं. यावर डेनिस एन्सच्या नावाने आलेलं उत्तर वाचण्यासारखं आहे. तब्येतीबद्दल आधी वाईट वाटून घेतलंय आणि त्याच दमात स्वतःच्या मर्यादा ओळखायचा सल्ला दिलाय. जूनअखेर कॉलिन यांनी कळवून टाकलं की जिया टान जवळजवळ सह-मेंटेनर आहेच.

हा दबाव ठरवून आणला होता, असंच आज बहुतेक अभ्यासक मानतात. ती दोन्ही नावं या प्रकरणाबाहेर कुठे भेटत नाहीत आणि काम झाल्यावर गायब होतात. पण मला जास्त अस्वस्थ करते ती वेगळी गोष्ट. ती पत्रं तेव्हा कुणालाच विचित्र वाटली नाहीत. ओपन सोर्समध्ये थोडाफार काळ काढलेल्या कुणीही अशी पत्रं वाचलेली असतात. त्यातली बरीचशी खरीखुरी माणसंच लिहितात. कपटी माणसाला वेगळी भाषा शिकावी लागली नाही, जी चालू होती तीच त्याने उचलली.

कॉलिन यांच्याकडे नव्हती ती एक साधी सोय: मी सध्या रजेवर आहे, असं सांगून दार अर्धवट लावून घेण्याची. डेबियनमध्ये ती आहे. तिथला डेव्हलपर सुट्टीवर जाताना इतरांना कळवतो आणि त्या काळात गरज पडली तर दुसरा कुणी त्याच्या पॅकेजमध्ये दुरुस्ती करून चढवतो. हक्क मात्र मूळ माणसाचाच राहतो. रीतसर निवृत्त झालेल्याला 'एमेरिटस' दर्जा मिळतो आणि पुढे यावंसं वाटलं तर पूर्ण प्रवेशप्रक्रिया नव्याने करावी लागत नाही, आखूड करून दिलेली पुरते. एवढी व्यवस्था हजारभर माणसांच्या प्रकल्पाला परवडते. एकट्याच्या प्रकल्पात दोनच पर्याय उरतात: रेटत राहा, नाहीतर देऊन टाका.

काय दिलं, काय राहिलं

११ जानेवारी २०२३ ची ५.४.१ ही कॉलिन यांनी स्वतः बांधलेली त्या काळातली शेवटची आवृत्ती. मार्चमधली ५.४.२ जिया टानने काढली. तिथून पुढे रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, बांधणं आणि त्यावर डिजिटल सही करणं त्याच्याकडे गेलं. गूगलच्या ओएसएस-फझ या तपासणी सेवेचे इशारे ज्या पत्त्यावर जात, तिथे त्याचा ईमेल आला. जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्पाचं संकेतस्थळ गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेकडे वळवलेल्या एका उपडोमेनवर हललं, तेही त्याच्या आवाक्यात. २० मार्च २०२४ ला, म्हणजे सगळं उघड होण्याच्या नऊ दिवस आधी, कॉलिन यांनी लिनक्स कर्नलसाठी एक पॅचमालिका पाठवली. तीत कर्नलमधल्या एक्सझेडच्या मेंटेनरांमध्ये स्वतःसोबत जिया टानचं नाव घातलं होतं. विश्वास इतका पूर्ण होता.

टुकानीचं मूळ डोमेन, मूळ संकेतस्थळ आणि कॉलिन यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरची गिट रेपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांचा साठा) मात्र फक्त त्यांच्याच हातात राहिली. ते धोरण म्हणून होतं की हलवायचा कंटाळा म्हणून, कोण जाणे. स्वयंपाकघर दुसऱ्याच्या ताब्यात दिलं, पण घराची मूळ किल्ली कमरेलाच राहिली. पुढचं सगळं या किल्लीवर तरलं.

उलगडा थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आणि मार्चमध्ये ५.६.१ आली. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन दाबलेल्या फाइलींमध्ये घातक कोड लपवलेला होता, आणि तो जागा करणारी ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती. काही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची वितरणं, तेव्हा ओपनएसएसएचला (दूरच्या यंत्रावर सुरक्षित लॉगिन करण्याचं साधन) सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेच्या लायब्ररीशी जोडत आणि ती लायब्ररी लिबएलझेडएमए ओढून आणत असे. या आडवाटेने चोरदरवाजा थेट एसएसएच सर्व्हरपर्यंत पोहोचला. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे आंद्रेस फ्रॉयंड डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर वेगाची मोजमापं घेत होते. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खटकलं आणि त्यांनी तो धागा सोडला नाही. या त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२४-३०९४, तीव्रता १० पैकी १०. फेडोरा, डेबियन, ओपनसूसे, काली यांच्या चाचणीतल्या किंवा सतत बदलणाऱ्या आवृत्त्यांत ते पोहोचलं होतं, स्थिर सर्व्हरांपर्यंत अजून पोहोचायचं होतं. दिवस गुड फ्रायडेचा. लांब सुट्टीवर गेलेले कितीतरी सिस्टिम ॲडमिन त्या संध्याकाळी कुठला एक्सझेड चढलाय ते तपासत बसले.

पहिले दिवस

कॉलिन तेव्हा सुट्टीवर होते. मेल सहज उघडून पाहिले तर समोर हा गोंधळ. त्यांनी पहिल्या दिवसांत काय केलं आणि काय केलं नाही, हे इथे बारकाईने बघायला हवं.

त्यांनी आपल्या मूळ संकेतस्थळावर एक लहानसं पान टाकलं. आरोपबाजी त्यात नाही, लांबलचक खुलासाही नाही. कुणाच्या हाती काय होतं एवढीच नोंद: ५.६.० आणि ५.६.१ चे टारबॉल जिया टानने बनवले आणि त्यानेच त्यांवर सही केली. कॉलिन यांच्या सहीचे टारबॉल कॉलिन यांनीच बनवलेले आहेत. मुख्य संकेतस्थळ आणि तिथली गिट रेपॉझिटरी यांत दुसऱ्या कुणाला प्रवेश नव्हता. गिटहबकडे वळवलेलं उपडोमेन काढून टाकलं आहे. आणि सविस्तर तपास एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. जगभरातल्या सुरक्षा तज्ज्ञांची नजर तुमच्यावर आहे, पत्रकारांचे मेल येतायत, आणि तुम्ही सांगता की नीट काम पुढच्या आठवड्यात सुरू करतो. यात बेफिकिरी शोधणाऱ्यांनी २०२२ ची पत्रं पुन्हा वाचावीत. तेव्हा हाच माणूस उशिराबद्दल दिलगिरी व्यक्त करत होता. आता त्याने तारीख स्वतः ठरवली आणि दिलगिरी टाळली. ज्यांनी धोकादायक आवृत्ती काढून जुनी बसवायची होती त्या डिस्ट्रोंनी ते काम लगेच हाती घेतलं होतं. मेंटेनरच्या घाईवर त्या क्षणी काही अडलेलं नव्हतं.

दुसरीकडे गिटहबने प्रकल्पाची रेपॉझिटरी बंद केली आणि दोघांचीही खाती गोठवली, जिया टानचं आणि कॉलिन यांचंही. गिटहबच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पहिल्या रात्री कोण कुणाच्या बाजूचा हे कसं कळणार? परिणाम मात्र असा झाला की बदलांचा इतिहास तपासू पाहणाऱ्यांनाच तो तिथे दिसेना आणि प्रकल्पाच्या मालकालाच दारातून आत जाता येईना. कॉलिन यांचं खातं २ एप्रिलला परत मिळालं, रेपॉझिटरी त्यानंतर आठवड्याभराने उघडली. मधल्या काळात सगळ्यांना आधार होता तो त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरचा. सगळा कारभार सोयीसाठी एकाच परक्या छताखाली नेऊन ठेवणाऱ्या प्रकल्पांनी हे लक्षात ठेवावं.

खातं गोठलेलं असतानाच, ३० मार्चला, त्यांनी पहिली दुरुस्ती आपल्या रेपॉझिटरीत चढवली. ती चोरदरवाज्याची नव्हती. लँडलॉक ही लिनक्सची सुविधा प्रोग्रामला मर्यादेत कोंडून ठेवते. ती यंत्रावर उपलब्ध आहे का हे तपासणाऱ्या सीमेक या बांधणी-साधनाच्या कोडमध्ये एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम टाकलेला होता. त्यामुळे ती छोटी चाचणी कधीच कंपाइल होत नसे, सुविधा नाहीच असं गृहीत धरलं जाई आणि संरक्षण मुकाट्याने बंद राही. बदलांच्या यादीत तो ठिपका डोळ्यांना दिसणंसुद्धा कठीण. कॉलिन यांनी कमिटच्या, म्हणजे नोंदवलेल्या बदलाच्या, शीर्षकात सरळ लिहिलं की ही तपासणी घातपाताने बिघडवलेली होती.

दोन वर्षांचं लिखाण पुन्हा वाचणं

खरं काम इथून पुढे सुरू होतं. चोरदरवाजा काढणं सोपं होतं, दोन फाइली आणि त्यांच्याशी निगडित काही कमिट. अवघड प्रश्न वेगळा होता: याच माणसाने गेली दोन वर्षं जे बाकीचं लिहिलं, त्याचं काय?

डेबियनचे जुने डेव्हलपर जोई हेस यांनी मागणी केली की जिया टानचा हात लागण्याआधीच्या आवृत्तीवर थेट मागे जावं. त्याची कमिट आणि योगदानं त्यांनी किमान ७५० मोजली होती. मागणी समजण्यासारखी आहे. अडचण अशी की इतकं मागे गेलं तर मधल्या काळातल्या खऱ्या दुरुस्त्या आणि नव्या सोयी, ज्यांवर इतर पॅकेजं अवलंबून होती, त्याही गेल्या असत्या. डेबियनने तातडीचा उपाय म्हणून ५.४.५ बसवली आणि आवृत्तीच्या नावात ५.६.१ ठेवून पुढे 'रिअली ५.४.५' असं जोडलं, कारण पॅकेज व्यवस्थेला आकडा मागे गेलेला चालत नाही. गंमत म्हणजे ही ५.४.५ सुद्धा जिया टाननेच काढलेली होती.

कॉलिन यांनी तिसरा, सगळ्यात कंटाळवाणा मार्ग घेतला. कमिट एकेक करून पुन्हा वाचायचे आणि त्या वाचनाची नोंद सगळ्यांना दिसेल अशी ठेवायची. लिहिणारा कोण यावर निकाल द्यायचा नाही, ओळ काय करते यावर द्यायचा. हे म्हणायला सोपं आहे. ज्याच्याशी दोन वर्षं पत्रव्यवहार केला, ज्याच्या कामाला आपण स्वतः होकार दिला, त्याचं प्रत्येक वाक्य पुन्हा उलटं-सुलटं करून बघायचं. मानसिक थकव्यामुळे मागे सरकलेल्या माणसाच्या वाट्याला हे काम यावं, यासारखा क्रूर योगायोग नाही. मला वाटतं इथे कुणी हात वर केले असते तर त्याला दोष देता आला नसता. प्रकल्प गोठवून टाकता आला असता, एखाद्या फाउंडेशनच्या दारात ठेवता आला असता, कुणी फोर्क, म्हणजे स्वतंत्र प्रत, काढेल म्हणून वाट बघता आली असती.

८ एप्रिलचा कमिट वाचला की माणूस खरोखर परतलाय याची खात्री पटते. चोरदरवाजा काढणारा तो कमिट. त्याच्या संदेशात कॉलिन यांनी काढण्याची कारणं अगदी कार्यालयीन गांभीर्याने दिली आहेत. चाचणीच्या फाइलींत बायनरी कोड कोंबलेला असणं हे डेबियनच्या मुक्त सॉफ्टवेअर नियमांचं उघड उल्लंघन आहे. ज्या यंत्रांचा एसएसएच पोर्ट बॉट सतत ठोठावतात तिथे सीपीयूवर भार वाढून वापरणाऱ्यांचा अनुभव बिघडला आणि त्यांचे अभिप्राय प्रचंड नकारात्मक आले. ही सोय जोडणारा मेंटेनर बेपत्ता झाला आहे. आणि शेवटी, चोरदरवाजे सुरक्षिततेला बरे नसतात. एवढं झाल्यावर काय-काय उलटवलं त्याची कोरडी यादी. जगभरचे लेख सायबर युद्धाच्या भाषेत बोलत असताना मूळ माणसाने सगळं प्रकरण नको असलेलं फीचर काढल्यासारखं नोंदवलं. विनोद करण्याइतकं अंतर त्याला स्वतःच्या जखमेपासून मिळालं होतं, हे माझं अनुमान. पण संदेश वाचून दुसरा निष्कर्ष काढणं कठीण आहे.

एक निर्णय तांत्रिकदृष्ट्या जास्त बोलका आहे. आयफंक ही जीएनयूची यंत्रणा प्रोग्राम सुरू होतानाच यंत्राच्या प्रोसेसरला साजेसं फंक्शन निवडते. २०२३ मध्ये हान्स यान्सेन या नावाने आलेल्या पॅचमधून ती एक्सझेडमध्ये शिरली, आणि चोरदरवाज्याने आपला पाय तिथेच रोवला. हीच व्यक्ती, किंवा हेच नाव, नंतर डेबियनने ५.६.१ लवकर घ्यावी म्हणून मागे लागलं होतं. आयफंक स्वतः निर्दोष आहे, पुष्कळ प्रकल्प ती वापरतात. कॉलिन यांनी ती तरीही काढली, आणि कारण दिलं ते कपटाचं नाही: या प्रकल्पात तिचा वेगाला होणारा फायदा इतका थोडा आहे की तिचं ओझं वागवण्यात अर्थ नाही. परत आलेल्या मेंटेनरकडून मी अपेक्षा करेन ती हीच. घाबरून सगळं उपटायचं नाही. पण आपण नसताना जे आत आलं त्याला पुन्हा विचारायचं, बाबा तू इथे कशासाठी?

२९ मे २०२४ ला ५.६.२ आली, सोबत जुन्या शाखांच्या ५.४.७ आणि ५.२.१३. सह्या कॉलिन यांच्या. उघडकीस आल्यापासून बरोबर दोन महिने झाले होते.

कोणाच्या जोरावर

या दोन महिन्यांत मदत आली, आणि तिचं रूप २०२२ मधल्या 'मदती'च्या अगदी उलट होतं. जेंटू या डिस्ट्रोचे डेव्हलपर सॅम जेम्स यांनी पहिल्याच दिवसांत काय माहीत आहे आणि काय नाही याचा एक नीट टिपणवजा गोषवारा लिहून सतत अद्ययावत ठेवला. सगळं जग तोच वाचत होतं. त्यामुळे तेच प्रश्न कॉलिन यांच्या मेलपेटीत हजार वेळा पडले नाहीत. प्रकल्पातही ते हाताशी राहिले. डिस्ट्रोंच्या लोकांनी आपापल्या बाजूची साफसफाई स्वतः केली. उलट दिशेने यंत्रणा उलगडणाऱ्या संशोधकांनी चोरदरवाज्याची चिरफाड केली, तीही मेंटेनरला करावी लागली नाही. यातल्या कुणी रिलीजची किल्ली मागितली नाही. मदतीला आलेला माणूस अधिकाराबद्दल किती लवकर विचारतो, ही कसोटी मला कुठल्याही पार्श्वभूमी-तपासणीपेक्षा उपयोगाची वाटते. जिया टानने तर ती थेट कधी मागितलीच नाही, इतरांच्या तोंडून मागवली.

एप्रिलच्या मध्यात ओपनजेएस फाउंडेशन आणि ओपनएसएसएफ या ओपन सोर्समधल्या संस्थांनी मिळून इशारा दिला: आपल्याकडच्या जावास्क्रिप्ट प्रकल्पांवरही अनोळखी लोक 'आम्हाला मेंटेनर करा' असा लकडा लावत असल्याचं आढळलंय. इशारा योग्यच होता. पण त्यानंतर उमटलेल्या चर्चेचा मोठा भाग नव्या माणसाकडे संशयाने कसं बघावं याभोवती फिरला. जुन्या माणसाला विश्रांती घेऊन परत येता येईल अशी जागा कशी ठेवावी, यावर त्या मानाने फार थोडं बोललं गेलं. कुबरनेटीससारखा मोठा प्रकल्प बाजूला झालेल्यांची नावं 'एमेरिटस' म्हणून वेगळी नोंदवतो: मंजुरीचा अधिकार नाही, पण नाव पुसलेलंही नाही. एकट्याच्या प्रकल्पात अशी ओळ वाचा-मला (README) फाइलमध्ये टाकायला दोन मिनिटं लागतात. मी सध्या फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या करतोय, बाकीचं थांबेल. वाचणाऱ्यांनी ती ओळ मान्य करणं, हे खरं अवघड.

ज्याच्या डोळ्यांदेखत हे घडलं त्याच्याच हाती पुन्हा प्रकल्प कसा द्यायचा, असाही प्रश्न कुणी विचारू शकतं. माझं उत्तर: दुसऱ्या कुणाला हा कोड इतका माहीत नव्हता आणि दुसरं कुणी पुढे आलेलंही नव्हतं. शिवाय फसवणाऱ्याने दोन वर्षं खपून, खरं उपयोगी काम करून विश्वास कमावला होता. त्याला भाळणं हा निष्काळजीपणा म्हणायचा तर मग ओपन सोर्समधली प्रत्येक सह-मेंटेनरची नेमणूक निष्काळजीपणाची ठरेल.

त्यानंतर

परत येणं तडफेत होतं, टिकणं नंतर कळतं. जुलै २०२४ मध्ये एक्सझेडच्या जावा आवृत्तीची १.१० बाहेर पडली. २०२२ मध्ये डेनिस एन्सने जिच्या नावाने टोचायला सुरुवात केली होती, तीच ही. मागणारा तोवर कधीच गायब झालेला होता. कर्नलची ती अडकलेली पॅचमालिकाही कॉलिन यांनी काही महिन्यांनी दुरुस्त करून पुन्हा पाठवली, जिया टानच्या नावाशिवाय.

२५ मार्च २०२५ ला ५.८.० आली. आणि लगेच, ३ एप्रिलला, ५.८.१, कारण एका संशोधकाने एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालणाऱ्या डिकोडरमध्ये (दाबलेली फाइल उघडणाऱ्या भागात) चूक दाखवली होती. बिघडलेली फाइल दिली तर मोकळी करून टाकलेली मेमरी पुन्हा वापरली जाण्याचा धोका. चूक जुनी, ५.३.३ अल्फापासूनची, आणि कुणी मुद्दाम केलेली नाही, सी भाषेत लिहिलेल्या कुठल्याही लायब्ररीत होते तशी. सीव्हीई क्रमांक मिळाला, कोणत्या आवृत्त्यांना लागू आणि कोणत्या प्रोग्रामना नाही हे स्पष्ट लिहिलं गेलं. दुरुस्ती जुन्या शाखांमध्येही चढवली गेली. सोबत सूचना होती: जुन्या शाखांचे नवे टारबॉल निघणार नाहीत, ज्याला हवं त्याने सुटा पॅच लावून घ्यावा. डिस्ट्रोंनी पॅच उचलला आणि आपापल्या पॅकेजमध्ये लावला.